सीमाभागातल्या मराठी शाळेत नवीन रुजू झालात? निकाल, तपासणी आणि नोटिशीचा ताण कसा पेलायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नव्या सर-बाईंवर तीन बाजूंनी दाब असतो. वरून निकालाची टक्केवारी विचारली जाते. गावातून पट का घटतोय असं विचारलं जातं. आणि रोजचे कागद येतात कन्नडमध्ये, ते वाचेपर्यंत मुदत संपत आलेली असते. पहिल्या वर्षी बहुतेक जण यातलं सगळं एकदम अंगावर घेतात आणि दिवाळीपर्यंत पार थकून जातात.

या लेखाचा भर एका गोष्टीवर आहे. मुलं तुमच्या हातात आली तेव्हा कुठं होती, हे जूनमध्येच लिहून ठेवा. तो कागद नसेल तर मार्चचा आकडा एकटाच बोलतो आणि तो नेहमी तुमच्याविरुद्धच बोलतो. बाकीच्या पायऱ्या या कागदाच्या आधारानं उभ्या आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- २०० पानी दोन वह्या: एक मुलांच्या नोंदींची, एक कागदांची (आवक, मुदत, जावक)
- वर्गाची सॅट्सवरची (कर्नाटक शिक्षण खात्याची ऑनलाइन विद्यार्थी नोंद) यादी, विद्यार्थी क्रमांकासह
- वार्षिक नियोजन, पाठ टाचण आणि दैनंदिनी
- मागच्या वर्षाचे एफए (वर्षभरातल्या आकारिक चाचण्या) आणि एसएचे (सत्राअखेरच्या संकलित परीक्षा) गुण (मुख्याध्यापकांकडे किंवा आधीच्या शिक्षकांकडे मिळतात)
- दहावी असेल तर परीक्षा मंडळाचा आराखडा आणि नमुना प्रश्नपत्रिका
- तुमच्या नेमणुकीचा आदेश आणि रुजू अहवालाच्या दोन-दोन झेरॉक्स

१. पहिले दहा दिवस: मुलं कुठं आहेत ते मोजा

कर्नाटकातली शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होते. पहिल्या आठवड्यात पट पुरता भरलेला नसतो, तेव्हा चाचणी दुसऱ्या आठवड्यात घ्या. त्यासाठी छापील पेपर लागत नाही.

वाचनासाठी: तिसरीच्या मराठी पुस्तकातला साठेक शब्दांचा उतारा घ्या. एकेका मुलाला जवळ बोलवून मोठ्यानं वाचायला लावा. एका मुलाला मिनिट-दीड मिनिट पुरतं, म्हणजे तीस मुलांचं काम दोन तासिकांत उरकतं. नोंद तीनच प्रकारची करा: सलग वाचतो, अडखळत वाचतो, अक्षरं लावतो. ही चाचणी आठवी-नववीलासुद्धा घ्या. विज्ञानात मागं पडलेलं मूल बऱ्याचदा विज्ञानात नाही, वाचनात अडलेलं असतं.

गणितासाठी: फळ्यावर दहा उदाहरणं, वेळ वीस मिनिटं. दोन हातच्याच्या वजाबाकीची, दोन भागाकाराची (तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं), दोन अपूर्णांकांच्या बेरजेची, दोन ऋण संख्यांची, एक शेकड्याचं, एक शाब्दिक. तपासताना एकूण गुण लिहून थांबू नका, कुठल्या प्रकारात चुकलं ते लिहा. ‘१० पैकी ४’ यातून पुढं काहीच करता येत नाही. ‘भागाकारात मधलं शून्य सोडतो’ एवढं लिहिलंत की उद्याचा पाठ ठरला.

या पानांवर तारीख घाला, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सही मागताना ‘वर्गाची पूर्वचाचणी केली आहे, पाहून घ्या’ एवढं म्हटलं तरी चालतं. सही जूनमधलीच हवी. ऑगस्टमध्ये घेतलेल्या सहीला मार्चमध्ये फारसं वजन राहत नाही.

सापळा: पहिल्याच चाचणीत बरेच गुण दाखवायचा मोह होतो, ‘वर्ग कच्चा’ असं दिसू नये म्हणून. तसं केलंत तर वर्षअखेरीची प्रगती कागदावर शून्य दिसेल.

२. कन्नड कागद वाचायला शिका, त्यातले फसवे शब्द आधी

सगळं कन्नड यायची वाट बघू नका. सुत्तोले (परिपत्रक) ठरावीक साच्यात असते. वर क्रमांक आणि तारीख, मग ‘विषय’, मग ‘उल्लेख’ म्हणजे संदर्भ, मग मजकूर, आणि शेवटच्या परिच्छेदात काय करायचं नि कधीपर्यंत. सुरुवातीला विषय आणि शेवटचा परिच्छेद एवढंच लावून वाचा. साधारण वीस शब्द ओळखीचे झाले की निम्मी भीती जाते. सुरुवात यांनी करा:

फलितांश (निकाल), दाखलाती (पटनोंदणी), हाजराती (हजेरी), कलिका (अध्ययन), परिहार बोधने (उपचारात्मक अध्यापन), कड्डाय (सक्तीचे), तप्पदे (न चुकता), तक्षण (लगेच), कोनेय दिनांक (शेवटची तारीख), लगत्तु (सोबत जोडलेले), सल्लिसतक्कद्दु (सादर करावे).

मराठी माणूस फसतो तो सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. ‘वरदी’ म्हणजे अहवाल, गणवेशाशी त्याचा संबंध नाही. ‘विचारणे’ म्हणजे चौकशी, काहीतरी विचारायला बोलावलंय असं समजून रिकाम्या हातानं जाऊ नका. ‘अवसर’ म्हणजे घाई, संधी नव्हे. आणि ‘क्रम’ म्हणजे कारवाई. ‘शिस्तु क्रम’ असा शब्द दिसला तर ती शिस्तीच्या तासाची सूचना नाही, शिस्तभंगाच्या कारवाईचा इशारा आहे. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फोनवरचं भाषांतर कामचलाऊ आहे, तारखा आणि आकडे मूळ कागदावरूनच घ्या. शंका असेल तर सीआरपींना (क्लस्टरचे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचे मार्गदर्शक) थेट विचारा. ‘सर, ह्यातलं शेवटचं वाक्य मला नीट लागलं नाही’ असं विचारण्यात काहीच कमीपणा नाही. चुकीचा अहवाल भरून पाठवला तर तो निस्तरायला तिप्पट वेळ जातो.

३. कागद आणि व्हॉट्सॲप यांना वेळ बांधून द्या

गटावर दिवसभर संदेश येतात: हा फॉर्म भरा, तो फोटो टाका, दुपारी तीनपर्यंत माहिती द्या. तासिका चालू असताना फोन बघायला लागलात की शिकवणं आणि अहवाल दोन्ही बिघडतं. दिवसातून तीनदा बघा: शाळा भरण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. खरंच तातडीचं काही असेल तर मुख्याध्यापकांना फोन येतोच.

कागदांच्या वहीत पाच रकाने आखा: आला कधी, विषय, मुदत, पाठवला कधी, पोच. माहिती बहुधा तीच तीच लागते, म्हणून पट, मुलं-मुली, प्रवर्ग, हजेरी, बँक खातं-आधार जोडलेली मुलं यांचा एक तक्ता पहिल्या महिन्यातच तयार करून ठेवा. मग दहा मिनिटांत उत्तर जातं.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर एक तास बसून आठवड्याचे कागद संपवा आणि रविवार मोकळा ठेवा. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा यायला लागतो, त्याचं मोठं कारण सोमवारी अर्धवट कागद वाट बघत असतात हे असतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम लावता येत नाही. नवीन माणसानं एकट्यानं हे कलम पुढं करून भांडू नये. पण अशा कामात किती दिवस गेले ते तारखेनिशी वहीत लिहावं. निकालाचा हिशेब मागितला जाईल तेव्हा तेही त्या हिशेबातच येतं.

४. हजेरीच्या पुढं कारण लिहा

आपल्या भागात हजेरी ऋतूप्रमाणं हलते. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जुलैचा पाऊस मुलांना वाटेतच अडवतो. त्याच दिवसांत भात लावणी असते. नोव्हेंबरात सुगी. चिक्कोडी-अथणीकडं ऊसतोड सुरू झाली की काही घरं पोरांसकट हलतात. पौष-माघात सौंदत्तीच्या यल्लमाची यात्रा, आणि ज्या गावात महालक्ष्मीची यात्रा असेल तिथं आठवडाभर पाहुणेरावळे.

म्हणून हजेरीच्या बाजूला एकेक अक्षर लिहा: ला (लावणी), सु (सुगी), या (यात्रा), आ (आजार), घ (घरचं काम, धाकटी भावंडं). महिन्याच्या शेवटी बेरीज करायला पाच मिनिटं लागतात. याचे दोन फायदे. पुढच्या वर्षीचं नियोजन करताना अवघड धडा लावणीच्या पंधरवड्यात येणार नाही. आणि ‘हजेरी का कमी?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून तक्ता पुढं ठेवता येतो.

‘घ’ ज्या मुलीपुढं सारखं येतं तिच्या घरी जाऊन या. निपाणीकडं आई विडीच्या कामात असेल तर दुपारी भेट होत नाही, संध्याकाळी सातनंतर जावं लागतं.

५. दहावी: निकालाचा ताण तुकड्यांत मोडा

एसएसएलसीची (कर्नाटकातली दहावीची परीक्षा) मांडणी अशी: प्रथम भाषा १२५ गुण (लेखी १००, अंतर्गत २५), बाकीचे पाच विषय प्रत्येकी १०० (लेखी ८०, अंतर्गत २०), एकूण ६२५. अंतर्गत गुण चार एफएमधून येतात. तिथं सगळ्यांना सढळ हातानं गुण द्यायची सवय अंगलट येते. अंतर्गत २० पैकी २० आणि लेखी ८० पैकी १४ अशी जोडी दिसली की प्रश्न शिक्षकालाच विचारला जातो, आणि मुलालाही तोवर आपण बरे आहोत असंच वाटत असतं.

२०२४ पासून परीक्षा केंद्रांवर वेबकास्टिंग (कॅमेऱ्यातून थेट देखरेख) आलं. २०२३ ला राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता, २०२४ ला वाढीव कृपांक देऊनही ७३.४० वर आला. तुमच्या शाळेचा जुना ‘चांगला’ निकाल त्याआधीचा असेल तर त्याच्याशी स्वतःची तुलना करून खचू नका. तुलना करायचीच तर २०२४ नंतरच्या निकालाशी करा.

टक्केवारीचा आणखी एक खेळ समजून घ्या. पट ४० असेल आणि चार मुलं नापास झाली तर निकाल ९० टक्के. पट १४ असेल आणि तीच चार मुलं, तर ७१ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी वर्गांचा पट पंधरा-वीसच असतो, म्हणून अहवालात टक्क्यांच्या शेजारी नेहमी मुलांची संख्या लिहा.

आता वर्गात काय करायचं:

ऑक्टोबरची सुट्टी संपली की पूर्वचाचणी आणि एसए १ एकत्र ठेवून तीन गट करा. पास होणारच अशी मुलं, काठावरची, आणि मागं राहिलेली. जादा तासाची पहिली चाळीस मिनिटं काठावरच्यांना द्या, तिथं कष्टाचं फळ लवकर दिसतं. मागं राहिलेल्यांना सगळा पाठ्यक्रम देऊ नका. आराखड्यात जास्त गुणांचे आणि सोपे असे चार-पाच धडे निवडून तेच पक्के करून घ्या. गणितात रचना, आलेख, सूत्रात किमती घालायची उदाहरणं, विज्ञानात आकृत्या, समाजात नकाशा. आकृती रोज एक, पेन्सिलीनं, नावांसकट, पुस्तक मिटून. हुशार मुलांना नमुना प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवू द्या आणि त्यांच्याकडून काठावरच्यांचं एकेक उत्तर तपासून घ्या.

मराठी माध्यमात दोन अडचणी खास आहेत आणि बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांना त्या बऱ्याचदा ठाऊक नसतात.

पहिली, पाठ्यपुस्तकाची भाषा. आपली पुस्तकं अनुवादित असतात, त्यातल्या संज्ञा मुलांच्या कानावरून कधी गेलेल्या नसतात. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत त्याच गोष्टीला कित्येकदा वेगळा शब्द असतो. म्हणून यूट्यूबवरचे महाराष्ट्र बोर्डाचे व्हिडिओ आणि कोल्हापूरहून आणलेली गाईडं सरसकट वापरू नका. धड्यांचा क्रम, संज्ञा, प्रश्नांची पद्धत सगळंच जुळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला दहा शब्द फळ्याच्या कडेला लिहा, पुढं घरातला अर्थ लिहा, आणि धडा संपेपर्यंत पुसू नका.

दुसरी, कन्नडचा पेपर. खानापूरच्या जंगलपट्टीत मुलांच्या कानावर कन्नड फारसं पडतच नाही, तर चिक्कोडीकडची मुलं फाडफाड बोलतात पण लिहिताना अडतात. चुका ठरलेल्या असतात. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, मराठी कानाला तो फरक कळत नाही. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लिहितात, मराठीची सवय असलेलं मूल आधीचं अक्षर अर्धं करायला बघतं. रफार मराठीत डोक्यावर येतो, कन्नडमध्ये अक्षराच्या पुढं. रोज पाच शब्दांचं श्रुतलेखन, त्यात हे तीन प्रकार फिरवून घ्या. कन्नडच्या शिक्षकांशी बोलून हे पाच शब्द मराठीच्या तासाच्या शेवटीही घेता येतात.

६. तपासणी

अधिकारी बहुधा तीन गोष्टी बघतात: मूल वाचतं का, साधं उदाहरण सोडवतं का, वह्या तपासलेल्या आहेत का. शेरा बहुतेक वेळा वह्यांवरूनच येतो.

चाळीस वह्या, एकेकीला दोन मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. दोन वर्ग असतील तर हे रोज होणं अशक्य आहे, तसा प्रयत्न करणारे पंधरा दिवसांत सगळंच सोडून देतात. रोज एका वर्गाच्या आठच वह्या घ्या, पाच दिवसांत चाळीस होतात. नुसती बरोबरची खूण करू नका. एक चूक गोल करा, तारीख टाका, आणि पुढच्या फेरीला तीच चूक दुरुस्त झाली का ते आधी बघा. अशा आठ वह्यांनी जे दिसतं ते चाळीस सह्यांनी दिसत नाही.

तपासणीच्या दिवशी नवा, झकपक पाठ काढू नका. चालू असलेलाच पाठ घ्या. अधिकारी मागच्या बाकावरच्या मुलाला उठवणार हे धरून चाला. तो अडखळला तर त्याच्यावर खेकसू नका, शांतपणे नोंदवही उघडून दाखवा: ‘जूनमध्ये हा अक्षरं लावत होता, आता अडखळत का होईना वाक्य वाचतो.’ नली-कलीच्या (कृतीतून शिकायची पद्धत) वर्गाला (पहिली ते तिसरी) तर प्रत्येक मूल अध्ययनाच्या शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे ते भिंतीवरच हवं.

शेरा तोंडी दिला असेल तर शेरेबुकात लिहायची विनंती करा. लिहिलेल्या शेऱ्यावर काम करता येतं, तोंडी शेरा मात्र रात्रभर डोक्यात फिरत राहतो.

७. नोटीस आली तर

निकाल कमी लागला की ‘कारण केळि नोटीस’ येऊ शकते. ती म्हणजे शिक्षा नव्हे, तुमची बाजू मागितली आहे. करायचं असं:

घेताना फक्त ‘मिळाली’, तारीख आणि सही. बाजूला काही लिहू नका, कबुली तर नाहीच. त्याच रात्री उत्तर लिहू नका. मुदत कागदावर असते ती वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी मराठीत कच्चा मसुदा करा, मग कन्नड चांगलं लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडून कन्नडात उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ समजल्यावरच सही करा. या उत्तराला समजायिषी म्हणतात. मसुदा साधारण असा असावा:

‘इयत्ता दहावी, विषय गणित, पट १४. जूनच्या पूर्वचाचणीत ९ मुलांना भागाकार येत नव्हता (प्रत सोबत). नोव्हेंबर ते फेब्रुवारी जादा तास घेतले (नोंदवहीची प्रत सोबत). परीक्षेत १० उत्तीर्ण. अनुत्तीर्ण ४ पैकी २ मुलांची हजेरी ऊसतोडीमुळे निम्म्याहून कमी (तक्ता सोबत). चौघांनाही परीक्षा २ (त्याच वर्षीची पुढची संधी) साठी बसवत असून रोज एक तास तयारी घेत आहे.’

आकडे, प्रती, पुढं काय करणार. बस. ‘मुलंच ढ आहेत’, ‘पालक अडाणी आहेत’, ‘आधीच्या शिक्षकांनी काही केलं नाही’ ही वाक्यं कितीही खरी वाटली तरी घालू नका. वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही वर्ग सोडून दिलाय एवढंच दिसतं, आणि मुलांवर तो अन्यायही आहे. उत्तर मुख्याध्यापकांमार्फत द्या, जावक क्रमांक घ्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

अतिथी शिक्षक असाल तर नोटिशीऐवजी ‘पुढच्या वर्षी बघू’ असं तोंडी ऐकायला मिळतं. म्हणून पायरी १ ची वही तुम्ही दुप्पट काळजीनं ठेवा, आणि सोडताना केलेल्या कामाचा दाखला मागून घ्या.

८. पालक आणि पट

मे-जूनच्या दाखलाती मोहिमेत घरोघर जाताना इंग्रजी शाळेला नावं ठेवू नका, पालक मिटून जातो. तुमच्या वर्गातल्या शेजारच्याच मुलाची जूनची आणि मार्चची वही बरोबर न्या (त्याच्या आईला विचारून). पालकसभेतही तेच. सगळ्यांसमोर कुणाचे गुण वाचू नयेत. एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समिती) अध्यक्ष पालकच असतात. त्यांना महिन्यातून एकदा दहा मिनिटं वर्गात बसवलंत तर गावातली निम्मी कुजबुज आपोआप थांबते.

९. शरीर काय सांगतंय ते ऐका

गळा हे शिक्षकाचं अवजार. एका लिटरची पाण्याची बाटली वर्गात हवी, आणि गोंधळ झाला तर ओरडण्याऐवजी टाळी किंवा फळ्यावर टकटक. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन आठवडे सलग झोप लागत नाही, शाळेच्या रस्त्याला लागलं की छाती धडधडते, मुलांवर हात उचलावासा वाटतो, जेवण जात नाही, रोज प्यावीशी वाटते, किंवा जगण्यात अर्थ वाटत नाही: यातलं काहीही असेल तर ‘मार्च संपू दे’ म्हणून थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. बेळगावच्या बिम्स रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. जीव नकोसा झाला असेल तर त्याच क्षणी घरच्या कुणालातरी सांगा आणि एकटं राहू नका.

रोजचा आधार मात्र जवळच असतो. त्याच क्लस्टरमधले दोन-तीन शिक्षक ठरवून घ्या, महिन्यातून एकदा चहाला भेटा, आणि आपापल्या वर्गातलं अडलेलं एकेक मूल बोलायला घ्या. बदल्या आणि अधिकारी यांच्यावरच गाडी गेली की माणूस भेटून आणखी जड होऊन परत येतो.

१०. निकालाच्या दिवसानंतर

एसएसएलसीच्या आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात आणि ज्यात जास्त गुण पडतील ते धरले जातात. निकाल लागल्यावर दोन दिवसांच्या आत नापास मुलांच्या घरी जा. मुलींच्या घरी आधी, तिथं शिक्षण थांबवायचा निर्णय पटकन होतो. परीक्षा २ ची नोंदणी शाळेमार्फतच होते आणि मुदत थोडी असते, म्हणून फॉर्म, फोटो आणि फी याची सोय त्याच भेटीत लावून टाका. उत्तरपत्रिकेची प्रत किंवा फेरतपासणी मागायची असेल तर त्याची मुदत वेगळी असते, ती सुत्तोलेतच बघा.

नोंदवहीची मूळ प्रत स्वतःकडं ठेवा आणि तुमच्या वर्गाला पुढं जे सर किंवा बाई घेतील त्यांच्या हातात एक झेरॉक्स द्या.